मान्य नसेल त्यांनी उभं राहावं

आमच्या शाळेची पालकसभा पहिलीच्या वर्गात भरते. सभागृह नाही अशातला भाग नाही. आहे, चांगलं पंख्यांसकट आहे. पण सभा पहिलीच्याच वर्गात. आणि पहिलीचे बाक हा काय प्रकार आहे, ते ज्याने त्यात बूड घातलंय त्यालाच कळेल. बसायची फळी आणि लिहायची फळी एकाच लोखंडी सांगाड्यात ठोकलेली, मधली जागा सहा वर्षांच्या पोटाच्या मापाची. मोठा माणूस श्वास सोडून आत शिरतो, आणि एकदा शिरला की त्याचे गुडघे त्याच्या कानांशी गप्पा मारायला लागतात. मागे एक वजनदार गृहस्थ असे अडकले की त्यांना सोडवायला सुतार बोलवावा लागला. सुतार येईपर्यंत त्यांची हजेरी पहिलीत लागत होती, आणि सहामाहीला ते गणितात बऱ्यापैकी पास झाले म्हणतात. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, सांगितलं मात्र पुष्कळांना आहे.

या बाकांचं मर्म एकाच माणसाला कळलं होतं, ते म्हणजे मुख्याध्यापक. त्यांना सगळे लोणीसर म्हणतात. आवाज असा मऊ की वाईट बातमीसुद्धा घशाखाली सरकन उतरते. ती वाईट होती हे घरी गेल्यावर पोटात दुखायला लागल्यावर कळतं. सत्र सुरू व्हायच्या आधी ते सभा बोलावतात, फळ्यापाशी उभे राहतात आणि म्हणतात, "येत्या सत्रात पालकांनी काय अपेक्षा ठेवावी, ते थोडक्यात सांगतो." मग एकेक गोष्ट सांगायची आणि प्रत्येकीच्या शेवटी हेच वाक्य, "मान्य नसेल त्यांनी उभं राहावं." एवढं बोलून ते थांबतात. किती? तर माणसाने फळीला हात टेकावेत, पण ढुंगण अजून उचललेलं नसावं, इतकं. "सगळ्यांना मान्य आहे. छान." असं म्हणत म्हणत अंगणातली घसरगुंडी गेली, गणवेशाचा रंग दोनदा बदलला, चित्रकलेच्या तासाचं परिसर अभ्यासात विसर्जन झालं. विरोध कुणी केलाच नाही, कारण वेळेत कुणाला उठताच आलं नाही.

या सुट्टीत शिपायाकडून बातमी फुटली. जुन्या इमारतीची डागडुजी निघणार, खोल्या कमी पडणार, म्हणून पहिली-दुसरी सकाळी आणि तिसरी-चौथी दुपारी.

लोकांना ही कटकट होती. माझ्या धाकट्या सुनेच्या मात्र पायाखालची जमीन सरकली. तिला दोन मुलं. ढब्बू चौथीत जाणार आणि मुंगी दुसरीत. मुंगी घरात इतकं बोलते की तिच्यापुढे रेडिओसुद्धा लाजून खरखरतो. पण शाळेचं फाटक ओलांडलं की तिचं तोंड मिटतं. वर्षभरात ती बाईंशी एक शब्द बोलली नाही. काही हवं असलं की बाई तिसरीच्या वर्गातून ढब्बूला बोलावून घ्यायच्या, तो वाकायचा, मुंगी त्याच्या कानात सांगायची, आणि तो सरळ उभा राहून निरोप द्यायचा, "तिला शू लागलीय" किंवा "ती म्हणते हे गणित चुकलंय." मधल्या सुट्टीत दोघं जिन्यावर बसून डबा खायची. बाईंनीच ही रीत पाडली होती. त्या धाकटीला म्हणाल्या होत्या, "हळूहळू उघडेल ती. घाई नको. भाऊ आहे तोवर काळजी नाही."

आता भाऊ दुपारचा आणि बहीण सकाळची. धाकटीचा नवरा, म्हणजे माझाच धाकटा मुलगा, लांबच्या फेऱ्यांचा ट्रक चालवतो. महिन्यातून येतो तो पाहुण्यासारखा. धाकटी बेकरीत कामाला आहे, पहाटेची भट्टी तिच्याकडे. मुलीला सोडायला मी होतो हो, पण सोडणं वेगळं आणि आत बरोबर असणं वेगळं.

पेटून उठली ती मात्र थोरली. थोरली सून खालच्या मजल्यावर, धाकटी वरच्या. मी जेवतो खाली आणि झोपतो वर, त्यामुळे दोन्ही घरांतलं सगळं मला कळतं आणि कुठल्याच घरात माझं कुणी ऐकत नाही. थोरली दाताच्या दवाखान्यात नंबर लावते. कुणाला आधी आत सोडायचं आणि कुणाला गालाला हात लावून ताटकळत ठेवायचं, हे तिच्या हातात. तिचाही एक दुसरीत आणि एक चौथीत.

"हे चालायचं नाही," ती म्हणाली. "दर वेळी आपल्याला बाकात कोंबून उल्लू बनवतात. या वेळी सगळ्यांनी उठायचं. एकदम."

"उठणार कसं ताई?" धाकटीने विचारलं. "मागच्या वेळी माझा परकरच खिळ्यात अडकला होता."

"एक पाय बाहेर ठेवून बसायचं. ते वाक्य म्हणाले की त्या पायावर जोर द्यायचा आणि सरळ उभं. सोपं आहे."

बेत बेकरीच्या मागच्या खोलीत शिजला. धाकटीने सगळ्यांना गरम टोस्ट खायला घातले. शाळेतले बरेच आईबाप आले होते. त्यात पुढे पुढे करणारे दोघं, कोपऱ्यावरचे औषधवाले आणि शिवणक्लासवाली. मैद्याच्या दोन पिंपांच्या मधल्या फटीत बसून एकेकाने उठायची तालीम केली. औषधवाल्यांना तिसऱ्या खेपेला जमलं आणि त्यांनी असा जयघोष केला की वरचं मैद्याचं पोतं त्यांच्या डोक्यावर रितं झालं; ते घरी गेले तेव्हा त्यांच्या बायकोने पाहुणे समजून त्यांना पाणी विचारलं. बरं, एवढं नसेल झालं. पण पोतं पडलं हे खरं.

"आणि एक," थोरली शेवटी म्हणाली. "सभेच्या आधी कुणीही एकटं-दुकटं सरांना भेटायला जायचं नाही. एकेकाला गाठून ते लोणी लावतात. आपण सगळे एकत्र, तर एकत्र. हात आणा."

मध्यावर मळायचा लाकडी ओटा होता. त्यावर हातावर हात ठेवले गेले, सगळ्यांत खाली धाकटीचा. खोलीतून बाहेर पडला तो प्रत्येक जण पांढरा तळहात घेऊन.

सुट्टीत मला उद्योग नसतो. शाळेच्या फाटकासमोर एक दगडी कठडा आहे, तिथे मी ऊन खात बसतो. दोन दिवसांनी औषधवाले फाटकातून बाहेर येताना दिसले.

"काय हो, इकडे कुठे?"

"सरांना खोकला झालाय आजोबा. औषध द्यायला गेलो होतो."

शिवणक्लासवाली आली. तिला म्हणे वर्गाच्या पडद्यांची मापं घ्यायची होती. टेप मात्र गळ्यात नव्हती. मग थोरलीच दिसली. "मुलाची छत्री वर्गात राहिली होती बाबा," ती म्हणाली. हातात छत्री नव्हती, आणि उन्हाळा असा होता की कावळेसुद्धा सावलीला रांग लावत होते. मी आयुष्यभर थापा विकत आलो, पण बाजारात दुसरा कुणी तोच माल विकायला बसेल हे काही मला सुचलं नाही. मी म्हटलं, "सापडेल, सापडेल."

सभेच्या दिवशी धाकटीने लवकर सुट्टी मागून घेतली. केसांत मैदा तसाच होता. मी तिच्याबरोबर गेलो; मुलांना शेजारी बसवून आलो होतो. निघताना मुंगीने तिला विचारलं होतं, "सगळे उठले की मग ढब्बू माझ्याबरोबरच ना?" धाकटी म्हणाली, "सगळे उठले की मग काय बिशाद आहे कुणाची."

वर्गात आम्हाला मधली रांग मिळाली. धाकटी सगळ्यांत पुढच्या बाकावर बसली, डावा पाय बाहेर, अगदी तालमीप्रमाणे. तिच्या मागे मी. माझ्या शेजारी औषधवाले. थोरली खिडकीपाशी. मीही एक पाय बाहेर काढला; दुसऱ्या पायाचा गुडघा फळीखाली जरा जास्तच गेला, पण म्हटलं बघू. मग सहज इकडेतिकडे नजर टाकली. शिवणक्लासवालीचे दोन्ही पाय आत. औषधवाल्यांचे दोन्ही पाय आत. मागे, बाजूला, भिंतीकडे, सगळीकडे पायांच्या जोड्या शहाण्या मुलांसारख्या फळीखाली ठेवलेल्या. खिडकीकडे पाहिलं. थोरलीने तर पायावर पाय टाकला होता.

"अहो, पाय," मी औषधवाल्यांना कोपर मारलं.

"पायात गोळा येतोय आजोबा," ते फळ्याकडे बघत म्हणाले.

धाकटीला हे दिसत नव्हतं. ती सगळ्यांच्या पुढे होती.

"येत्या सत्रात पालकांनी काय अपेक्षा ठेवावी, ते थोडक्यात सांगतो," लोणीसर म्हणाले. खोकला औषधालाही नव्हता. मग डागडुजी आली, मुलांची सुरक्षितता आली, सकाळची प्रसन्न हवा आली. पहिली-दुसरी सकाळी, तिसरी-चौथी दुपारी. "मान्य नसेल त्यांनी उभं राहावं."

धाकटी उठली. काय उठली म्हणून सांगू, भट्टीतून पाव फुगून वर यावा तशी सरळ उठली, एका पायावर जोर देऊन, खिळ्याला काही न देता. पाठ ताठ. मागे वळून पाहिलं नाही तिने, कारण मागे सगळे आहेत अशी तिची खात्री होती.

मीही उठलो. पण माझा गुडघा अडकलेला, त्यामुळे माझ्याबरोबर बाकही उठला, आणि बाकाबरोबर आत बसलेले औषधवालेही वर आले.

"एक," सर मोजू लागले, "दोन, आणि हे तीन..."

"सर, मी उभा नाही," औषधवाले घाईघाईने म्हणाले. "मला उचललंय."

वर्ग हसला. मी आजवर पुष्कळ लोकांना हसवलंय, हसण्याचे प्रकार मला कळतात. हे सुटका झाल्याचं हसू होतं. धाकटी त्या हसण्याने मागे वळली. तिने सगळ्यांकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि शेवटी खिडकीकडे.

"ताई?"

थोरली पर्समध्ये काहीतरी शोधत होती. खूप खोल गेलेलं काहीतरी.

"तुमची काय अडचण आहे?" सरांनी विचारलं. प्रेमानेच विचारलं, खोटं कशाला बोलू.

"माझी एकटीची नाही सर. आमचं सगळ्यांचं ठरलं होतं."

"अहो, पण मग तुम्ही भेटायला का नाही आलात?" सरांना मनापासून वाईट वाटलं. "बाकी सगळे येऊन गेले. पहिली-दुसरीची एक छोटी तुकडी आपण दुपारीच ठेवतोय, ग्रंथालयाच्या खोलीत. ज्यांनी ज्यांनी येऊन अडचण सांगितली त्यांची सोय तिथे केली. आता खोली भरली हो. एकसुद्धा बाक मावायचा नाही."

आता वर्गात कुणीच हसत नव्हतं. बघण्यासारखी गोष्ट अशी की ते आमच्याकडे बघत नव्हतेच, एकमेकांकडे बघत होते. औषधवाले शिवणक्लासवालीकडे, ती थोरलीकडे. प्रत्येकाला वाटलं होतं की हात झटकून गुपचूप जाणारे आपण एकटेच. प्रत्येकाने मनाशी म्हटलं असणार, माझ्या एकट्याने काय फरक पडतो, उठायला बाकीचे आहेतच. मी गोष्टी रचणारा माणूस. पण सगळेच्या सगळे शपथ मोडायला एकाच फाटकातून एकेकटे जातात, अशी गोष्ट मी रचली असती तर लोक म्हणाले असते, आजोबा, जरा पटेल असं सांगा. ही तेवढी रचलेली असती तर बरं झालं असतं.

"बसा आता," सर म्हणाले.

धाकटी बसली नाही. हट्टाने म्हणा, नाहीतर बसायचं असतं हेच ती विसरली असेल. ती तशीच फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. सरांनी थोडी वाट पाहिली, मग पुढचं वाचायला घेतलं. "दर आठवड्याला मुलांची नखं कापलेली असावीत. मान्य नसेल त्यांनी उभं राहावं." आणि त्यांची जीभ अडखळली, कारण समोर एक बाई उभी होती. "एक सोडून सगळ्यांना मान्य आहे," त्यांना म्हणावं लागलं. पाण्याची बाटली घरून आणावी. एक सोडून सगळ्यांना मान्य. आजोबा मंडळींनी वर्गाच्या खिडकीतून मुलांना वेडीवाकडी तोंडं करून दाखवू नयेत. हे माझ्यासाठी होतं, आणि यालासुद्धा एक सोडून सगळ्यांची मान्यता मिळाली. लोण्यात इतके खडे त्यांना कधी लागले नव्हते. मी उभाच होतो, पण बाकासकट अर्धा वाकलेला, म्हणून त्यांनी मला कशात धरलं नाही.

मग शिपाई दारात येऊन म्हणाला, "चहा तयार आहे."

आणि काय सांगता, सगळे उठले. एकदम. फळीला हात नाही, कुंथणं नाही, गुडघ्याचा कटकन आवाज नाही. औषधवाल्यांच्या पायातला गोळा विरघळला. शिवणक्लासवाली तर माझ्या अंगावरून अशी गेली की मला वाटलं खिडकीचा पडदा उडाला. पहिलीच्या बाकांना आम्ही उगाच इतकी वर्षं दोष देत होतो. थोरली दाराशी पोचलेली मला दिसली. तिने एकदा मागे पाहिलं आणि गर्दीत शिरली.

 येताना मी धाकटीला दोन गोष्टी सांगून पाहिल्या, एक हत्तीची आणि एक हत्तीला गिळणाऱ्या माणसाची. दोन्ही तिने ऐकल्या नाहीत. बेकरीच्या दाराशी थांबून ती म्हणाली, "बाबा, टोस्ट माझ्या हातचे खाल्ले हो सगळ्यांनी." आणि चालू लागली.

संध्याकाळी थोरली वर आली. हातात झाकलेलं पातेलं. दारातच म्हणाली, "रागावलीयस होय?"

"नाही."

"अगं, मला काय माहीत? मला वाटलं तूही जाऊन आली असशील."

"तुम्हीच सांगितलं होतंत ना ताई, कुणी जायचं नाही म्हणून."

"हो, सांगितलं होतं." थोरलीने पातेलं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "पण म्हणून तू खरंच गेली नाहीस?"

धाकटीने तिच्याकडे असं पाहिलं की मला खिडकीबाहेर बघावं लागलं. थोरलीच्या आवाजात लबाडी नव्हती. तिला नवल वाटत होतं. शपथ घालणाऱ्या बाईला, ती पाळणाऱ्या बाईचं नवल.

"एवढं वाईट वाटतंय, तर तुझ्या मुलाची जागा दे," मी थोरलीला म्हटलं.

"बाबा, तुमचं काय जातंय बोलायला. त्याला सकाळी उठवायला तुम्ही येणार?"

"येईन की."

"मग तो घरी आल्यावर त्याच्याजवळ कोण? दवाखाना काय तुम्ही चालवणार?" तिने पातेलं उंबऱ्यावर ठेवलं. "मीही आईच आहे."

ते खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. पातेलं रात्रभर उंबऱ्यावर राहिलं.

सत्र सुरू झालं. सकाळी मी मुंगीला फाटकापर्यंत नेतो. सकाळची तुकडी अगदी विरळ. दुपारच्या ग्रंथालयात मुलं कपाटांच्या फळ्यांवर रचून ठेवली आहेत असं मी सगळ्यांना सांगतो, आणि या वेळी फारसं वाढवून सांगत नाही. बाई नव्या आहेत. त्यांनी पहिल्या दिवशी मुंगीला काहीतरी विचारलं. मुंगीने दाराकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा दाराकडे पाहिलं. मग त्यांना वाटलं तिला बाहेर जायचंय, म्हणून त्यांनी तिला बाहेर पाठवलं. ती जिन्यावर जाऊन बसली. मला खिडकीतून तोंडं करायला मनाई आहे. मी कठड्यावरून केली. तिने पाहिलं नाही. घंटा होईपर्यंत ती तिथेच होती, डबा मांडीवर, न उघडलेला.

मला वाटलं होतं घरी येऊन ती रडेल. ती रडली नाही. एकच झालं. आठवड्याच्या शेवटी मी, मुंगी आणि ढब्बू जिना चढत होतो. माझं जेवण थोरलीकडे, म्हणून वाटेत तिच्या दाराशी थांबलो. तिचं दार उघडंच असतं. पूर्वी मुंगी त्या दारातून बोलतच आत घुसायची. काकूला सगळं सांगून झालं की मग आईला उरलंसुरलं.

"काय गं मुंगे," थोरली आतून हात पुसत आली, गोड आवाजात. "कशी काय आहे सकाळची शाळा?"

मुंगीने तिच्याकडे पाहिलं. मग ढब्बूची बाही ओढली. ढब्बू सवयीने वाकला. मुंगीने त्याच्या कानाला तोंड लावलं आणि बराच वेळ, हळू, पुष्कळ काहीतरी सांगितलं. थोरलीचं हसू तसंच राहिलं, पण त्यातून ती निघून गेली होती.

ढब्बू सरळ उभा राहिला. "बरी आहे म्हणते."

"एवढं लांबलचक सांगितलं, आणि एवढंच?"

"बाकीचं माझ्यासाठी होतं," ढब्बू म्हणाला, आणि दोघं वर गेली.

थोरली जिन्याकडे बघत राहिली. मग पदराला पुन्हा हात पुसले, ते कोरडेच होते. "बाबा, बसा ना. वाढते."

जेवण ती चांगलं करते, हाच तर खरा त्रास आहे. मी जरा वेळ उभा राहिलो. मग बसलो, एक पाय बाहेर ठेवून.